दात कोण?

वहिनींच्या फोनचं नाव 'दात' ठेवलं ते त्यांच्या नणंदेनं. बिनतारी हेडफोन घेतले तेव्हा ते जोडताना फोनने नाव विचारलं. वहिनींच्या हातात मोजे होते, त्या म्हणाल्या, "टाका काहीही," आणि नणंदबाईंनी समोर जे दिसलं ते टाकलं. समोर टेबलावर तीन कवळ्या आणि एक खालचा अर्धा जबडा वाळत पडला होता.

वहिनी कवळ्या करायच्या. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेत, ते माप प्लास्टरच्या साच्यातून वहिनींच्या मागच्या खोलीत येई, आणि तिथे मेण, गुलाबी हिरडी आणि पांढऱ्याच्या नाना छटांमधले दात यांतून पुन्हा एक तोंड तयार होऊन परत जाई. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चाले ती माणसं वहिनींनी कधी पाहिली नव्हती. पाहायची हौसही नव्हती. "समोर आला की माणूस बोलायला लागतो," त्या म्हणत, "आणि बोलायला लागला की काम बसतं." यजमान मालवाहू बोटीवर. घरात त्या आणि नणंद, दोघीच. नणंद वहिनी म्हणे म्हणून हळूहळू सगळी इमारतच त्यांना वहिनी म्हणू लागली, अगदी वयानं वडिलांसारखे असलेले सेक्रेटरीसुद्धा.

कवळीला चकाकी आणायचं यंत्र कान किटवणारं असतं. ते चालू असताना वहिनी हेडफोन लावून कादंबऱ्यांचं वाचन ऐकत. कुणीतरी घसा साफ करून, सावकाश, प्रकरणामागून प्रकरण वाचत राही आणि इकडे हिरड्या गुळगुळीत होत जात. या सुखात खोडा पडला तो एका साध्या पावसाळी दुपारी. वाचन मधेच तुटलं. फोनवर चौकोन उगवला होता : 'के-२०' तुमच्या फोनशी जोडू इच्छितो. खाली 'हो' आणि 'नाही'.

वहिनींनी मोजा काढला, 'नाही' दाबलं, मोजा घातला. पुढचं वाक्य संपेपर्यंत चौकोन पुन्हा हजर.

त्या दिवशी असं किती वेळा झालं ते वहिनींनी मोजलं नाही, पण संध्याकाळपर्यंत फोनच्या काचेवर प्लास्टरचे ठसे उमटले होते आणि नायिकेचं लग्न कुणाशी ठरलं हे काही त्यांना कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविवारी मात्र चिडीचूप. सोमवारी सकाळी लोक कामावर गेले की पुन्हा सुरू.

नणंदबाई सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. दुकानदाराच्या काट्याखाली चिकटवलेलं चुंबक शोधण्यात त्यांची उमर गेली होती, त्यामुळे जगात काही आपोआप घडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"वहिनी, हा कुणीतरी तुमच्यावर नजर ठेवून आहे."

"माझ्यावर? मी दिवसभर दात घासते, ताई. तेसुद्धा दुसऱ्यांचे."

"म्हणूनच. अशाच बायका गाफील असतात."

त्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर गेला. तो एकटा राहायचा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि जिन्यात भेटला की खाली बघून जायचा. नणंदबाईंच्या हिशेबात एवढं पुरेसं होतं. त्या वर गेल्या आणि दारातच त्याला विचारलं, "तुमच्याकडे के-२० आहे का?"

तो बिचारा गोंधळला. ते काय आहे, हेच आधी त्याला समजेना. समजलं तेव्हा त्यानं आपला फोन, जुना फोन आणि लोकांचे दुरुस्तीला आलेले तीन फोन, असे सगळे आणून दारात मांडले. एकही के-२० नव्हता. नणंदबाईंनी ते सगळे उलटून पालटून पाहिले आणि "ठीक आहे" एवढंच म्हटलं. त्यांच्या खात्यात माफी मागायची पद्धत नव्हती.

माणूस मात्र मनाचा मोठा निघाला. पायात चपला सरकवून तो खाली आला. वहिनींचा फोन घेऊन तो सगळ्या घरात हिंडला, कुठे त्या अनोळखी फोनचं नाव ठळक दिसतंय आणि कुठे पुसट, ते बघत. स्वयंपाकघरात ते दिसेचना. कामाच्या खोलीत दिसलं, आणि खोलीतल्या बेसिनच्या भिंतीजवळ तर हात लावण्याइतकं जवळ.

"भिंतीपलीकडे आहे," तो म्हणाला. "याचा पल्ला फार नसतो."

"भिंतीपलीकडे काही नाही," वहिनी म्हणाल्या. मग थांबून, "म्हणजे, पलीकडची इमारत आहे."

दोन्ही इमारती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. पलीकडचीचा दरवाजा मागच्या रस्त्यावर उघडत होता, आणि त्या रस्त्याला जायचं तर मोठा वळसा. इतक्या वर्षांत त्या भिंतीमागे कुणी राहतं, हा विचारच वहिनींच्या मनात आला नव्हता. त्या भिंतीवर त्यांनी साच्यांच्या फळ्या मारल्या होत्या.

"तुमचा फोन जुना आहे, तो येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांना दिसतो," भाडेकरूनं समजावलं. "लपवायची सोय यात नाही. ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर 'नाही' दाबत राहा. फक्त 'हो' कधी दाबू नका."

वहिनींनी वायरीचे हेडफोन आणून पाहिले. पहिल्याच दिवशी वायर यंत्राच्या फिरत्या ब्रशात गुंतली आणि कान ओढला गेला. कान वाचला, हेडफोन गेले. मग त्यांनी बिनतारीच पुन्हा काढले आणि 'नाही' दाबायला डाव्या हाताचं कोपर वापरायला शिकल्या. माशी हाकलावी तितक्या सहजतेनं ते होऊ लागलं. राग असा उरला नाही.

असे काही आठवडे गेले असतील. एका सकाळी वहिनी मेणात वरचे पुढचे दात बसवत होत्या. हे काम जिकिरीचं, माणसाचं हसणं याच सहा दातांवर ठरतं. चौकोन उगवला. कोपर पुढे गेलं आणि हवेतच थांबलं. आज तिथे के-२० नव्हता.

'दात कोण?' तुमच्या फोनशी जोडू इच्छितो.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. सवयीनं 'नाही' दाबलं गेलं. लगेच पुन्हा आलं : 'दात कोण?'

त्या खुर्चीला टेकल्या. पलीकडच्याच्या फोनवर आपलं नाव दिसतं, हे त्यांच्या ध्यानात आत्ता आलं. कुणीतरी इतके दिवस भिंतीमागे बसून 'दात' या शब्दाकडे बघत होतं आणि त्याला काही उलगडा होत नव्हता. वहिनींना हसू आलं. त्यांनी मोजे काढले, हात धुतले, फोनमध्ये शिरून स्वतःचं नाव बदललं : 'कवळ्या करते. तुम्ही कोण?'

बराच वेळ काही नाही. मग चौकोन : 'म्हातारी. पलीकडची.'

आणि थोड्या वेळानं : 'बोलायचंय. हो दाबा.'

वहिनींनी 'हो' दाबलं नाही. त्यांनी दात बसवून पूर्ण केले आणि नणंदबाई घरी येईपर्यंत वाट पाहिली.

"हेच, हेच ते," नणंदबाई म्हणाल्या. "आधी म्हातारी असते. मग तिला औषध लागतं. मग तुमच्या खात्यात काही राहत नाही. म्हातारी आहे याला पुरावा काय?"

वहिनींनी दुसऱ्या दिवशी पुरावा मागितला. नणंदबाईंनी त्यासाठी अर्धी रजा टाकली. फोनचं नाव ठेवलं, 'खरंच असाल तर भिंत वाजवा.' दोघी बेसिनपाशी उभ्या राहिल्या. नळाला एक थेंब लोंबत होता. आणि मग फळीमागून, खालच्या बाजूनं आवाज आला. फरशीवर चमचा आपटल्यासारखा, सावकाश, एकेक करून.

नणंदबाईंनी भिंतीला कान लावला. "बसून वाजवते आहे," त्या म्हणाल्या. तपासणी संपली तरी त्यांचा कान तिथेच होता.

वहिनींनी फोनचं नाव परत 'दात' केलं आणि 'हो' दाबलं.

बोलणं म्हणजे फोनवर बोलतात तसं नव्हतं. पलीकडून आवाज भरून येई, लहानशी ध्वनिफीत, आणि इकडून तशीच परत जाई. पहिल्या फितीत आधी खूप खुडबुड होती, मग आवाज : "हे लागलं का? लागलंय वाटतं. नमस्कार. मी सत्याहत्तर वर्षांची आहे, मला काही नको आहे. तुम्ही घाबरला असाल तर सांगते, मीसुद्धा घाबरले होते. दात म्हणजे मला वाटलं कुणी गुंड आहे."

नणंदबाई हसल्या. वहिनी मात्र दुसरंच ऐकत होत्या. बोलण्यातला 'स' शिट्टीसारखा निसटत होता आणि मधे मधे बारीक 'टक' असा आवाज येत होता. खालची कवळी सैल आहे, त्यांनी मनात नोंद केली. बरीच सैल. हिला चावता येत नसणार.

पुढच्या काही दिवसांत आजींची हकीकत तुकड्यातुकड्यांनी आली. मुलाबरोबर राहत होत्या. तो छापखान्यात पाळीवर जायचा. सून नव्हती, म्हणजे होती, पण दुसऱ्या गावी नोकरीला आणि आता तिकडचीच. आजींच्या फोनमधलं सिम मुलानं काढून घेतलं होतं. उरला नुसता फोन. "त्यात पत्ते खेळायचे. पण स्वतःशी किती खेळणार? मग म्हटलं, याच्या पोटात काय काय आहे ते बघू. एकेक दार उघडत गेले. एका दारात तुमचं नाव होतं. दुसरं कुणाचंच नव्हतं. रोज दाबायची. तुम्ही रोज नाही म्हणायचा. पण नाही म्हणायला तरी कुणी होतं."

आणि एका फितीत, बोलता बोलता, "तो जाताना दार बाहेरून लावून जातो, त्यामुळे कोण आलं गेलं याचा काही प्रश्नच नाही," असं त्या म्हणाल्या आणि लगेच पुढे पत्त्यांवर गेल्या.

नणंदबाईंच्या कपाळावर आठी पडली ती पडलीच. "आई आहे की तिजोरी? मी उद्याच्या उद्या पोलिसांत जाते."

"आधी त्यांना विचारू," वहिनी म्हणाल्या.

"कोंडलेल्या माणसाला काय विचारायचं?"

"कोंडलंय त्यांना. मला नाही, तुम्हाला नाही. त्यांनाच विचारायला हवं."

विचारलं. उत्तर यायला दुपार झाली. "काही करू नका. पोरगा वाईट नाही. माझ्याकडून चुका झाल्यात. फक्त कुलपाचा आवाज झाला की बरं वाटत नाही. थोड्या वेळानं विसरते." यावर नणंदबाईंना बोलण्यासारखं खूप होतं, आणि त्या रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत राहिल्या. पण पोलिसांत गेल्या नाहीत.

वहिनींनी आपल्या परीनं एक गोष्ट केली. ऐकत होत्या त्या कादंबरीचं पहिलं प्रकरण पलीकडे पाठवलं. मग दुसरं. आजी ऐकायच्या आणि शेरे पाठवायच्या. नायिका बावळट आहे. तिचा काका चोर आहे, बघा तुम्ही. वाचणाऱ्या बाईला सर्दी झालीय. काका खरोखरच चोर निघाला तेव्हा आजी दिवसभर खुशीत होत्या. वहिनींचं काम जरा मागे पडलं, पण फार नाही. आठवड्याच्या कवळ्या आठवड्यात जात होत्या.

मुलगा आला तो रविवारी सकाळी.

बेल वाजली, नणंदबाईंनी दार उघडलं. बाहेर पन्नाशीकडे झुकलेला, काटकुळा माणूस, नखांत शाई, हातात एक फोन. "इथं कवळ्या कोण करतं?"

"का?"

"मला त्यांना विचारायचंय, त्या माझ्या आईला काय विकतायत."

नणंदबाईंच्या आयुष्यात त्यांच्या घरावर असा आरोप पहिल्यांदाच होत होता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वहिनी मागून आल्या आणि त्याला आत घेतलं. कामाच्या खोलीतच बसायला जागा होती. तो स्टुलावर बसला. समोरच्या फळीवरून साच्यांच्या रांगा त्याच्याकडे आ वासून बघत होत्या. तो क्षणभर विसरलाच काय बोलायचं ते.

"हा आईचा फोन," त्यानं सुरुवात केली. "काल सहज बघितला. यात 'दात' जोडलेलं आहे. चाळीस-एक फायली आहेत. मी तिला विचारलं, तर म्हणते, मैत्रीण आहे, भिंतीपलीकडे कवळ्या करते. तुम्ही तिला पाहिलंय?"

"नाही."

"तिनं तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही फायली ऐकल्या का?" वहिनींनी विचारलं.

"एक ऐकली. कुणीतरी काकाविषयी सांगतंय."

"चोर आहे तो," नणंदबाई दारातून म्हणाल्या. "आणि दारं बाहेरून लावणाऱ्यांनी दुसऱ्यांना जाब विचारू नये."

तो वळला. आवाज चढवला नाही त्यानं. "गेल्या वर्षी तिला फोन आला, बँकेतून बोलतोय म्हणून. त्यानं विचारलेला आकडा तिनं सांगितला. खातं साफ झालं. मी सिम काढलं. मग दोन महिन्यांनी एक जण दारात आला, गॅसची नळी तपासायची म्हणून. तिनं घेतला आत. तो तिच्या बांगड्या घेऊन गेला. दोन्ही वेळेला मी घरी आलो तेव्हा ती काय म्हणाली, माहितीये? माणूस बोलायला चांगला होता. नळीवाल्याला तर तिनं चहा करून दिला होता. मला कामावर जावं लागतं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

नणंदबाई दारातून आत येऊन बसल्या.

वहिनी म्हणाल्या, "मला माहीत नाही काय केलं असतं."

या उत्तराची त्यानं अपेक्षा केली नसावी. त्यानं हातातल्या फोनकडे पाहिलं, त्यांच्यासमोरच 'दात' पुसून टाकलं आणि उठला. "तुमच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण हे पुन्हा नको."

"त्यांची खालची कवळी सैल झालीय," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"आवाजावरून कळतं. हिरडी आक्रसते, कवळी तीच राहते. मग ती हलते, टोचते. जेवतात का नीट?"

तो दारात थांबला. "हल्ली अर्धं ताटात टाकते. मला वाटलं, रागानं."

"रागानंही असेल. पण चावताही येत नसेल."

तो गेला.

त्यानंतर वहिनींचा फोन शांत झाला. ज्या शांततेसाठी त्यांनी एक हेडफोन गमावला होता ती आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग मिळत होती. कामं भराभर उरकली. नणंदबाईंनी विचारलं, "चुकल्यासारखं होतं का हो?" वहिनी म्हणाल्या, नाही. ते खरंही होतं बऱ्यापैकी. फक्त एवढंच, की प्रकरण संपलं की त्या पुढचं लगेच लावत नव्हत्या.

आठवडाभरानं तो पुन्हा आला. या वेळी हातात रुमाल, रुमालात कवळी. "ही बघाल का? मी तिला दोन दिवस पेजेसारखं पातळ करून दिलं. ते संपवते. तुम्ही म्हणत होता ते बरोबर असावं."

वहिनींनी कवळी दिव्याखाली धरली. एका बाजूला झिजून कड पार धारदार झाली होती. काम कुठल्या कारागिराचं आहे तेही त्यांनी ओळखलं. "ही ठीक करता येईल, आतून अस्तर घालावं लागेल. पण नुसती कवळी बघून भागणार नाही. तोंड बघायला लागेल."

"म्हणजे तुम्ही येणार?"

"तुम्ही घरी असाल तेव्हा. डॉक्टरांना मी विचारून घेते."

डॉक्टरांनी होकार दिला आणि पुढच्या रविवारी दोघी मोठा वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेल्या. वहिनींनी मनात आजी बारीक, वाकलेल्या अशा रंगवल्या होत्या. प्रत्यक्षात खुर्चीत एक धिप्पाड बाई बसली होती, केस काळेभोर रंगवलेले, मांडीवर हात. कवळी नसल्यामुळे गाल तेवढे आत गेलेले.

"या, दात," त्या म्हणाल्या. "त्या बावळटाचं पुढं काय झालं?"

"आधी तोंड उघडा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कवळीला आतून पांढरा लेप लावला, ती बसवली, चावायला लावली, काढून पाहिली. जिथे लेप पुसला गेला होता तिथे टोचत होतं. तेवढं त्यांनी खिडकीपाशी बसून कानशीनं घासलं. मग पुन्हा लेप, पुन्हा चावणं. आजींना एवढा वेळ गप्प बसणं जड जात होतं, पण तोंडात वहिनींची बोटं होती. नणंदबाई मात्र घर बघत होत्या. दाराशी जाऊन त्यांनी बाहेरची कडी, तिचं कुलूप, चौकट, सगळं नजरेखालून घातलं आणि परत येऊन बसल्या. आल्यापासून त्यांनी दाराबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. घरून निघताना वहिनींनी तशी अटच घातली होती.

विषय काढला वहिनींनीच. कानस पुसताना, मुलाकडे न बघता. "तुम्ही कामावर असताना इथे धूर झाला तर त्यांनी काय करायचं?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

"माझा फोन जवळ असेल तर नाव बदलून मला कळवतील. मी वळसा घालून येईन. तेवढा वेळ लागेल. आणि येऊन कुलपासमोर उभी राहीन."

"मी रोज तेच डोक्यात घेऊन मशीनवर उभा असतो," तो म्हणाला. "तुम्हाला वाटतं मला सुचलं नसेल?"

"सुचलं असेल."

"मग कुणाला द्यायची किल्ली? या इमारतीत मी कुणाला ओळखत नाही. तुम्हालाही ओळखत नाही खरं म्हणजे."

तेव्हा नणंदबाईंनी पर्समधून खात्याचं ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. फोटो, शिक्का, सही. त्यानं ते उचलून नीट वाचलं. आजी खुर्चीतून बघत होत्या, आपल्याबद्दल नाहीच बोलणं चाललेलं अशा चेहऱ्यानं. मग त्या म्हणाल्या, कवळी नसल्यानं शब्द विरघळवत, "मला कुणी विचारत नाहीये."

मुलगा त्यांच्याकडे वळला. "बरं, तू सांग."

"आतून साखळी लाव. मी साखळी काढणार नाही. तू सोडून, या दोघी सोडून."

"नळीवाला आला तर?"

"त्याला म्हणेन, मुलगा आल्यावर ये."

"आणि चहा?"

आजींनी विचार केला. "फटीतून चहा देता येत नाही," त्या म्हणाल्या.

त्यावर तो हसला. वहिनींनी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचा वरचा डावा सुळा खोटा आहे हेही.

साखळी बसली. बाहेरचं कुलूप गेलं, त्याची एक किल्ली उगाचच खिळ्यावर लटकत राहिली. नव्या लॅचची किल्ली नणंदबाईंकडे गेली, कारण त्यांच्याकडे सरकारी शिक्का होता. वहिनींना कुणी किल्ली दिली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही; नणंदबाई कामावर जाताना ती साच्यांच्या फळीवर ठेवून जात, तेवढं पुरे होतं. सिमही परत आलं, फक्त त्यात ठरलेलेच नंबर लागतील अशी सोय वरच्या भाडेकरूनं करून दिली. त्याला नणंदबाईंनी स्वतः वर जाऊन बोलावून आणलं. जिन्यात त्या त्याला काहीतरी पुटपुटल्या. काय ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

गंमत म्हणजे दार मोकळं झाल्यावर आजी कुठे गेल्याच नाहीत. मुलगा रोज विचारायचा, आज बाहेर गेली होतीस? नाही. का? "जाईन ना," त्या म्हणायच्या. "आता कुठे घाई आहे?"

मग एकदा नणंदबाईंबरोबर त्या वहिनींकडे आल्या, आणि मग सवयच लागली. स्टुलावर बसायच्या आणि बोलायच्या. अस्तर घातलेल्या कवळीतून आता एकही 'स' निसटत नव्हता, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येई. के-२०चा चौकोन कोपरानं घालवता यायचा, आजींना घालवता येत नव्हतं. वहिनींनी शेवटी स्पष्ट सांगितलं, "आजी, यंत्र चालू असेल तोवर बोलायचं नाही."

"बरं," आजी म्हणाल्या, आणि यंत्र चालू असेल तोवर खरंच बोलल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी एका कानाचा हेडफोन मागितला. दुसरा वहिनींच्या कानात. दोघी गप्प बसून ऐकू लागल्या.

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी मुलगा घाईघाईनं वहिनींच्या दारात उभा राहिला. "आई इकडे आहे?" नव्हती. घरी नव्हती, फोन घरीच राहिला होता. त्याचा चेहरा उतरलेला. नणंदबाई चपला घालून निघाल्यासुद्धा. वहिनींनी त्यांना थांबवलं, त्याला बसवलं, चहा टाकला. तो कप धरून बसून राहिला.

अंधार पडायच्या आत जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. आजी. हातात पिशवी, पिशवीत चपला.

"घरी गेले तर दार उघडं आणि तू नाहीस," त्या मुलाला म्हणाल्या. "म्हटलं, इकडेच असशील."

"कुठे गेली होतीस?"

"चपला घ्यायला. बघ, कशा आहेत?" त्यांनी पिशवीतून चपला काढून एकीत पाय घातला, आणि चपलेत तो अर्धाही मावत नव्हता. "दुकानात बरोबर वाटल्या होत्या. उद्या बदलून आणते."

"मी येऊ उद्या बरोबर?"

"कशाला? तुझी पाळी बुडेल. माझे मी आणते."

तो काहीतरी म्हणणार होता. वहिनींनी पाहिलं, नणंदबाईंनीही पाहिलं. त्यानं चपला पिशवीत घातल्या, पिशवी स्वतःच्या हातात घेतली, आणि दोघं एकेक पायरी उतरत खाली गेली. वहिनींनी कप विसळून ठेवले आणि मोजे चढवले. एक वरची कवळी सकाळच्या आत जायला हवी होती.